ताक्यावरचा डाग

(पहाट. शेडमध्ये यंत्रमागांचा खडखडाट. ट्यूबलाइटखाली उलगडलेलं ग्रे, म्हणजे न रंगवलेलं, कोरं कापड.)

हा कापडाचा ताका दोन महिन्यांपूर्वी व्यापाऱ्याकडे गेला. तेव्हा त्यावर डाग नव्हता. निदान कुणी बोललं तरी नव्हतं. मजुरीचे पैसे मागितले आणि डाग उगवला.

इचलकरंजी. 1904 साली इथे पहिला यंत्रमाग बसला. आज गल्लीगल्लीत शेड आहेत आणि त्यातले कितीतरी मागवाले 'खर्चीवाले'. म्हणजे माग स्वतःचे, सूत व्यापाऱ्याचं. व्यापारी बिमं, म्हणजे सूत गुंडाळलेले मोठे रूळ देणार, मागवाला विणून देणार, मजुरी पिकावर, म्हणजे कापडातल्या आडव्या धाग्यांच्या मोजणीवर. आडव्या सुताच्या कांड्या भरणाऱ्या बाईचे पैसे, कामगाराचा पगार, विजेचं बिल मात्र याने वेळेत भरायचं.

(पेढीची पायरी. बाहेर चपला.)

"अण्णा, शेठ बाहेरगावी गेलेत. सोमवारी बघू." हे दिवाणजीचं वाक्य इथे सगळ्यांना पाठ आहे.

बाजार बसला की चांगल्या व्यापाऱ्याचेही पैसे अडकतात. पण तो फोन उचलतो, हजार-दोन हजार का होईना, हातावर ठेवतो. बुडवायचंच ठरवलेला माणूस कापडात खोट काढतो. 'पीक कमी भरलं, धागे तुटलेत, निम्मे पैसे घ्या आणि मिटवा.' अडलेला माणूस निम्मे घेऊन मिटवतोही.

खरं तर या डागाचा बंदोबस्त कायद्यात आहे. सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांचा 2006 चा कायदा. माल मिळाल्यापासून 15 दिवसांत लेखी तक्रार आली नाही, तर माल स्वीकारला असंच धरतात. दोन महिन्यांनी सापडलेल्या डागाला तिथे फारशी किंमत नाही. पैसे देण्याची मुदत लेखी ठरलेली असली, तरी 45 दिवसांपुढे जात नाही. काहीच ठरलं नसेल, तर 15 दिवस. त्यापुढे दरमहा चक्रवाढ व्याज, रिझर्व्ह बँकेच्या बँकदराच्या तिप्पट! तक्रार सरकारच्या पोर्टलवर करायची, ती सुकरता परिषदेपुढे, म्हणजे थकलेल्या पैशांचे वाद सोडवणाऱ्या सरकारी परिषदेपुढे जाते. परिषदेचा निकाल व्यापाऱ्याला कोर्टात मोडून काढायचा असेल, तर आधी 75 टक्के रक्कम भरावी लागते.

मात्र हे फक्त सूक्ष्म आणि लघु उद्योगांसाठी. उद्यम नोंदणीही, म्हणजे सरकारकडची उद्योगाची नोंद, माल देण्याआधीच केलेली बरी.

आणि चेक? तो वटला नाही, तर बँकेचा मेमो हातात पडल्यापासून 30 दिवसांत नोटीस जायला हवी. नोटीस मिळाल्यावर त्याला 15 दिवस. तरी पैसे आले नाहीत, तर पुढच्या एका महिन्यात चेकबाबतच्या कायद्याच्या कलम 138 खाली फिर्याद. हे 30 दिवस बहुतेकांचे 'सोमवारी बघू'मध्येच निघून जातात.

मग लोक तक्रार का करत नाहीत? कारण पुढची बिमंही त्याच पेढीवरून यायची असतात. परिषद व्याज मिळवून देईल, पण बीम कुठून देणार? शिवाय व्यवहार चिठ्ठीवर नाहीतर तोंडी. माल कधी पोचला, किती मीटर, कुणी घेतला, याचा कागदच नसतो.

(टेम्पोतून ताके उतरतात. मागवाला दिवाणजीपुढे चलन, म्हणजे माल पोचल्याचा कागद धरतो. त्यावर तारीख, ताके, मीटर.)

"काय हो अण्णा, आमच्यावर विश्वास नाही होय?"

"हाय की. करा सही."