जून १९६५चा अंक

(दृश्य: ग्रंथालय. लोखंडी कपाटाचं दार उघडतं.)

हा खंड कपाटातून काढायला दोन्ही हात लावावे लागतात. कापडी बांधणी सैल झालीय, पानं कडेला तपकिरी पडलीत. आर्किटेक्चर कॉलेजच्या या ग्रंथालयात ‘मार्ग’ या वास्तुकला आणि कलेच्या त्रैमासिकाचे जुने अंक वर्षावर्षाने असे बांधून ठेवलेत. ग्रंथपालांचा हात बघा. ते पानाचा कोपरा चिमटीत धरत नाहीत, अख्खा तळहात खाली सरकवतात आणि मग पान उलटतात.

(दृश्य: काळा घोडा, आर्मी अँड नेव्ही बिल्डिंग.)

कित्येक वर्षं ‘मार्ग’चा पत्ता ही इमारत होती. पहिला अंक निघाला ऑक्टोबर १९४६ मध्ये. स्वातंत्र्याला अजून दहा महिने होते. लंडनहून परतलेले कादंबरीकार मुल्कराज आनंद संपादक. सोबत श्रीलंकेच्या दोघी बहिणी, अनिल आणि मिनेट डिसिल्वा. मिनेट तर मुंबईच्या जे.जे. स्कूल ऑफ आर्टच्या विद्यार्थिनी. आणि हिटलरच्या जर्मनीतून बाहेर पडून म्हैसूर संस्थानाचे वास्तुविशारद झालेले ओटो केनिग्सबर्गर. टाटांचा आधार मिळाला आणि त्रैमासिक सुरू झालं. नावातली इंग्रजी अक्षरं उलगडली की होतं ‘मॉडर्न आर्किटेक्चरल रिसर्च ग्रुप’. आपल्या भाषेत मात्र नुसतं मार्ग.

पहिल्याच संपादकीयाचं शीर्षक ‘प्लॅनिंग अँड ड्रीमिंग’. आखणी आणि स्वप्न, दोन्ही एका दमात. देश अजून हातात आलेला नाही, आणि ही मंडळी विचारतायत की तो बांधायचा कसा! घर, वस्ती, शहर, लेणी, देऊळ, सगळं एकाच अंकाच्या आवाक्यातलं त्यांना वाटत होतं. आम्हाला हे धाडस फार मोलाचं वाटतं.

(दृश्य: पुन्हा खंड. ‘जून १९६५’ ही अक्षरं जवळून.)

तेच शीर्षक एकोणीस वर्षांनी परत येतं. या वेळी विषय एकच, मुंबई.

१९६१च्या जनगणनेत शहराने ४१ लाखांचा आकडा ओलांडला होता. कचेऱ्या दक्षिणेच्या टोकाला, माणसं राहायला उत्तरेला. सकाळी सगळी गर्दी खाली, संध्याकाळी सगळी वर. बेट चिंचोळं, त्यामुळे शहर वाढणार ते उत्तरेकडे लांबत, आणि जितकं लांबेल तितका लोकलवरचा भार वाढणार. १९६४ साली महापालिकेच्या विकास आराखड्यावर सूचना मागवल्या गेल्या. तीन जणांनी सूचना दिली, ती अख्ख्या नव्या शहराची.

चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता, शिरीष पटेल. दोन वास्तुविशारद, एक सिव्हिल इंजिनिअर.

(दृश्य: केम्प्स कॉर्नरचा उड्डाणपूल, संध्याकाळची वाहनं.)

केम्प्स कॉर्नरचा हा पूल पटेलांच्याच कार्यालयाने केला, आणि तोही १९६५चाच.

तिघांचं म्हणणं असं: शहराला उत्तरेकडे ओढत नेऊ नका, पूर्वेला वळवा. खाडीपलीकडे ठाणे-बेलापूर पट्ट्यात कारखाने येतायत, खाडीवर पूल होऊ घातलाय. हे तुकडे सुटे ठेवण्यापेक्षा एकत्र गुंफा. पलीकडे नुसती घरं नकोत, कामधंदा आणि सरकारी कचेऱ्याही न्या, म्हणजे गर्दी दोन्ही दिशांना वाहील. पैसा कुठून आणायचा? जमीन आधी सरकारने घ्यायची, रस्ते-पाणी द्यायचं, मग विकायची. वाढलेल्या किमतीतूनच शहर उभं राहील.

‘मार्ग’ने या सगळ्याला अंक दिला. नकाशे आणि युक्तिवाद लोकांसमोर छापून ठेवले. फायलीत गेलेली सूचना फायलीतच राहते. छापलेली सूचना विद्यार्थी वाचतो, अधिकारी वाचतो, विरोधकही वाचतो, आणि कुणालाच ती वाचली नाही असं म्हणता येत नाही. वास्तुविशारदांच्या व्यवसायाला नियतकालिक हवं असतं ते यासाठी.

(दृश्य: वाशीची खाडी. पुलावरून लोकल.)

खाडीपलीकडचं ते शहर, म्हणजे आजची नवी मुंबई, उभारणाऱ्या सिडको या सरकारी महामंडळाची स्थापना १७ मार्च १९७० रोजी झाली. ३४४ चौरस किलोमीटर, ९५ गावं. कोरिया मुख्य वास्तुविशारद झाले. १९७३ मध्ये खाडीवरचा पूल खुला झाला, लोकल वाशीला पोहोचायला मात्र १९९२ उजाडलं. गावांच्या जमिनी गेल्या. जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली शेतकरी उभे राहिले, पोलिसांच्या गोळीबारात ५ जणांचा जीव गेला, आणि त्यानंतर साडेबारा टक्के विकसित जमिनीचा हक्क मिळाला. मंत्रालय दक्षिण मुंबईतच राहिलं.

(दृश्य: बेलापूर, आर्टिस्ट्स व्हिलेज. चौकात वाळत घातलेले कपडे, सायकल.)

बेलापूरची ही वस्ती कोरियांची, ऐंशीच्या दशकातली. ७ घरं एका चौकाभोवती, चौक जेमतेम ८ मीटरचा. असे तीन गट मिळून २१ घरांना पुढचं मोठं अंगण. कुठल्याच दोन घरांची भिंत सामाईक नाही, म्हणून ज्याला जसं जमेल तसं वाढवता आलं. पुष्कळांनी मूळ घर पाडून मजले चढवलेत. चौक अजून आहेत.

‘मार्ग’ पुढे चित्र, शिल्प, लेणी, मंदिरं यांच्याकडे अधिक वळला. त्या विषयांवरचं त्याचं काम मोठंच आहे. पण शहराच्या आराखड्यासमोर दुसरा आराखडा छापून ठेवणारा अंक वास्तुविशारदांच्या हातून सुटला, याची हळहळ आम्हाला आहे. आज गुळगुळीत कागदावर दिवाणखाने छापणारी मासिकं पुष्कळ आहेत.

(दृश्य: ग्रंथालय. एक विद्यार्थिनी नकाशावर वाकलेली.)

ती नकाशात आधी आपलं गाव शोधते. कोपरखैरणे. सापडल्यावर बोट तिथेच ठेवून वर बघते.

“पहिला खंड पण आहे का, सर?”

ग्रंथपाल स्टूल ओढतात.