चाकाला जागा किती?

मंडळी, रविवारी पहाटे साडेपाचला मरीन ड्राइव्हवर उभं राहिलं की एकामागून एक नव्या कोऱ्या रोड बाइक, म्हणजे बारीक टायरच्या वेगवान सायकली, जाताना दिसतात. त्यातल्या किती दिवाळीनंतर जिन्याखाली जातात, ते सोसायटीच्या वॉचमनला विचारा.

अशी पहिली बाइक घ्यायला दुकानात गेल्यावर आपण पहिल्यांदा काय करतो? सायकल एका हातानं उचलून बघतो. मीही तेच केलं होतं. आता हिशेब करू. शर्यतीच्या बाइकला यूसीआय या सायकलिंगच्या जागतिक संघटनेनं 2000 पासून 6.8 किलोची किमान मर्यादा घातली आहे. आपली पहिली बाइक साधारण दहा-अकरा किलोची असते. तुम्ही सत्तर, बाइक अकरा, म्हणजे एक्क्याऐंशी. त्यातला एक किलो वाचवला की सव्वा टक्का वाचतो. केम्प्स कॉर्नरवरून पेडर रोड चढताना तो जेमतेम जाणवेल. सपाट रस्त्यावर वेग वाढला की भांडण वाऱ्याशी असतं, वजनाशी नाही.

मग ॲल्युमिनियम की स्टील? ॲल्युमिनियम स्टीलच्या साधारण एक तृतीयांश वजनाचं, आणि ताठपणाही तितकाच, एक तृतीयांश. म्हणून त्याच्या नळ्या जाड घेराच्या करतात. घेर वाढला की ताठपणा झपाट्यानं वाढतो. ‘ॲल्युमिनियम हाडं खिळखिळी करतं’ असं म्हणतात, त्यात धातूइतकाच नळीच्या आकाराचा हात असतो, आणि त्याहून जास्त टायरचा. स्टील घेणार असाल तर क्रोमोली, म्हणजे क्रोमियम-मॉलिब्डेनम मिसळलेलं मजबूत स्टील, आहे का ते विचारा. नुसतं ‘स्टील’ लिहिलेलं असेल तर ते बहुधा हाय-टेन हे साधं स्टील असतं, म्हणजे फ्रेम जड. आणि स्वस्तातल्या कार्बन फ्रेमच्या नादाला पहिल्या बाइकला लागूच नका.

माझा खरा मुद्दा टायरचा आहे. सी लिंकवर सायकलला मनाई, म्हणजे आपण पुन्हा माहीम, कॅडल रोड, प्रभादेवी याच वाटेनं जाणार. तिथले पेव्हर ब्लॉक, त्यांच्यामधल्या फटी, जुलैतले खड्डे तुम्हाला पाठ आहेत. पंचवीस मिलिमीटर रुंदीचा टायर तिथे दगडासारखा फुगवावा लागतो, नाहीतर खड्ड्याच्या कडेवर ट्यूब रिमशी चिमटून तिला साप चावल्यासारखी दोन भोकं पडलीच. बत्तीसचा टायर कमी हवेवर मऊ चालतो. पण फ्रेममध्ये जागाच नसेल तर तो बसवणार कुठे? तेव्हा पुढचं चाक धरणाऱ्या फोर्कमध्ये आणि मागच्या चाकाशी बोट घालून बघा. मडगार्डलाही जागा हवी, नाहीतर पावसात पाठीवर चिखलाची रेघ घेऊन ऑफिसात जाल.

गिअर नंतर बदलता येतात, फ्रेम नाही. अर्थात गिअर बदलायलाही मागचा हब, म्हणजे चाकाचा मधला भाग, नीट हवा. शिमानो कंपनीचा आठ, नऊ किंवा दहा स्पीडचा कॅसेट, म्हणजे मागच्या दातेरी चकत्यांचा संच, एकाच प्रकारच्या हबवर बसतो. पण हबवर आट्यानं फिरवून बसवलेला जुना सात स्पीडचा संच, म्हणजे फ्रीव्हील, असेल तर उद्या अख्खं चाकच बदलावं लागतं. दोन बाइकच्या किमतीत तीन हजारांचा फरक दिसला की आधी हे तपासा.

माप तर सगळ्याच्या आधी. ‘साहेब, सीट खाली करतो, बसून जाईल,’ असं ऐकलं की दुकानाबाहेर या. सीट वर-खाली होते, हँडलपर्यंतचं अंतर नाही. हँडल धरणारा तुकडा, म्हणजे स्टेम, बदलून एखाद-दोन सेंटिमीटर सावरता येतात, बस. स्टॅक आणि रीच, म्हणजे पेडलच्या मधल्या धुऱ्यापासून फ्रेमचं पुढचं टोक किती वर आणि किती पुढे आहे, हे दोन आकडे मागा. एकाच्या ‘मीडियम’शी दुसऱ्याचा ‘मीडियम’ जुळत नाही. ब्लाउजच्या मापासारखंच आहे ते.

मागच्या रांगेतून प्रश्न आलाय, सेकंड हँड घेऊ का? जरूर घ्या. पण आपल्याकडची खारी हवा लक्षात ठेवा. माझी पहिली बाइक वरळीला गॅलरीत दोन पावसाळे उभी होती. सीटपोस्टला, म्हणजे सीटच्या दांडीला, ग्रीस लावायचं राहिलं, आणि स्टीलच्या फ्रेममध्ये ॲल्युमिनियमचा पोस्ट असा अडकला की शेवटी मेकॅनिकनं करवत काढली. म्हणून विकणाऱ्याला आधी सीटपोस्ट पूर्ण बाहेर काढायला सांगा. दोघांनी जोर लावूनही हलला नाही, तर चहा घ्या आणि घरी या.