वहीतला डोंगर आणि कॅनव्हासवरचा डोंगर

नमस्कार मंडळी! आज जरा लांब जाऊ. साल १८२५, न्यूयॉर्कहून हडसन नदीतून वर कॅट्सकिलच्या डोंगरांकडे निघायचंय, आणि सोबत आहे चोवीस वर्षांचा चित्रकार थॉमस कोल, मूळचा इंग्लंडमधल्या बोल्टनचा. सामान काय, तर वही अन् पेन्सिल.

रंग कुठेत म्हणाल तर रंग घरी. तेव्हा ऑइल पेंट डुकराच्या मूत्राशयाच्या पिशवीत भरून ठेवायचे, टोचून भोक पाडायचं, दाबायचं, आणि ते भोक नंतर धड बंद व्हायचंच नाही, आता असली पिशवी घेऊन डोंगर कोण चढणार! ट्यूबचं पेटंट जॉन रँडने घेतलं ते १८४१ मध्ये. मग कोल काय करायचा, पेन्सिलीने रेघा मारायचा आणि चित्रावरच लिहून ठेवायचा, इथे कुठला रंग, इथे सावली कशी. मला विचाराल तर मोठ्या पेंटिंगपेक्षा हे कागदच भारी वाटतात.

बरं, घरी आल्यावर लगेच रंगवायला बसेल तर शपथ. १८३८ मध्ये ड्युरँड नावाच्या चित्रकार मित्राला त्याने कळवलं होतं की परतल्या परतल्या मला जमतच नाही, मध्ये काळ जाऊन किरकोळ तपशील पुसट व्हावे लागतात.

पण पुसट काय होतं ते बघा ना. याच डोंगरांतला काटर्सकिल धबधबा, दोन टप्प्यांत मिळून २६० फूट. जवळच १८२४ मध्ये हॉटेल सुरू झालेलं, टुरिस्ट यायचे, धबधब्यावर कठडे-बिठडे लागलेले. कोलच्या १८२६ च्या चित्रात यातलं काहीच नाही, नुसतं रान आणि कड्यावर इवलासा एकटा मूळनिवासी माणूस. ज्यांना जमिनीवरून हुसकलं त्यांनाच चित्रात शोभेला उभं करायचं, हे मला खटकतं बुवा, चित्र कितीही देखणं असलं तरी.

आणि १८३६ चं ते ‘ऑक्सबो’ नावाचं चित्र, म्हणजे माउंट होलीओकवरून दिसणारं कनेक्टिकट नदीचं वळण, डावीकडे वादळ, उजवीकडे उन्हातली शेतं. कधी बघितलंत तर खाली झाडीत नीट शोधा, हॅट घातलेला एक चित्रकार मान वळवून आपल्याकडेच बघतोय, तोच कोल! तिथलं स्केच त्याने आधीच पेन्सिलीने करून नेलं होतं, पण स्वतःला रंगवताना मात्र पठ्ठ्याने समोर ईझल, म्हणजे कॅनव्हास ठेवायचा स्टँड, मांडलंय.