पिसवा अंगावर कमी, घरात जास्त

नमस्कार श्रोतेहो.

आषाढ लागला की नागपुरातल्या जनावरांच्या दवाखान्यांत दोन तक्रारी जोडीने येऊ लागतात. कुत्र्याच्या अंगावर पिसवा झाल्यात आणि डोळ्यांना सारखी चिपडं येतात. त्यापाठोपाठ येणारं वाक्यही ठरलेलं असतं, "डॉक्टरसाहेब, औषध टाकलं की आठ दिवस बरं असते, मग जैसे थे." बहुतेक घरांत औषध खरंच टाकलेलं असतं आणि पैसेही बरेच गेलेले असतात. तरी दुखणं उलटतं, कारण पिसवांचं औषध कुत्र्यापुरतंच दिलेलं असतं, आणि डोळ्याच्या बाबतीत चिपडं पुसली गेलेली असतात, ती येतात कशामुळे हे कुणी पाहिलेलं नसतं.

आधी पिसवांचं बघू. गोचीड आणि पिसू यांत पुष्कळांची गल्लत होते. गोचीड एका जागी कातडीला चिकटून रक्त पीत टच्च फुगते. कानाच्या पाळीत, पायाच्या बोटांच्या बेचक्यात ती हाताला लागते. पिसू तपकिरी, चपटी आणि चपळ. केस बाजूला केले की ती दुसरीकडे पळालेली असते. त्यामुळे "आम्हाला तर एकही दिसली नाही" असं लोक अगदी खरेपणाने सांगतात. एक साधी परीक्षा घरी करता येते. बारीक दातांचा कंगवा शेपटीच्या बुडाशी आणि पोटाखाली फिरवा. कंगव्यात काळे बारीक कण आले तर ते ओल्या पांढऱ्या कापसावर झटका आणि मिनिटभर थांबा. माती असेल तर कण काळाच राहील. त्याच्याभोवती तांबूस डाग पसरला, तर ती पिसवांची विष्ठा आहे, म्हणजे तुमच्याच कुत्र्याचं पचलेलं रक्त. मग पिसू दिसो न दिसो, ती आहे.

आता मुद्द्याचं. कुत्र्याच्या अंगावर दिसतात त्या पिसवा एकूण पसाऱ्याच्या साधारण ५ टक्के असतात. उरलेला ९५ टक्के पसारा अंडी, अळ्या आणि कोष यांचा, आणि तो तुमच्या घरात असतो. मादी दिवसाला ४० ते ५० अंडी घालू शकते. ती अंडी गुळगुळीत असल्याने केसांत टिकत नाहीत. कुत्रा जिथे बसेल, लोळेल, अंग झटकेल तिथे गळून पडतात. त्यांतून निघालेल्या अळ्यांना उजेड सोसत नाही. त्या गालिच्याच्या मुळाशी, दिवाणाखाली, फरशीच्या सांध्यांत शिरतात आणि मोठ्या पिसवांची विष्ठा खाऊन वाढतात. पुढे अळी स्वतःभोवती कोष विणते. कोषाला धूळ चिकटते, म्हणून तो डोळ्यांना दिसत नाही, आणि फवारणीचं औषध त्याच्या आत सहसा पोचत नाही. आतली पिसू आठवडे, कधी कधी महिने वाट पाहू शकते. पावलांची हादर, अंगाची ऊब, उच्छ्वासातला वायू जाणवला की बाहेर पडते. दिवाळीला गावी गेलेलं कुटुंब परत येतं, कुलूप उघडतं, आणि तासाभरात सगळ्यांचे घोटे चावून लाल होतात, तो प्रकार हाच. घरात नसलेल्या पिसवा कुठून आल्या म्हणून शेजारच्या मांजराला शिव्या बसतात.

नागपूरच्या हवेचा इथे मोठा हात आहे. मे महिन्यात पारा पंचेचाळीसवर गेला आणि हवा भाजून निघाली की उघड्यावरच्या अळ्या मरतात. आर्द्रता ५० टक्क्यांच्या खाली गेलेली त्यांना मानवत नाही. त्या हिशेबाने उन्हाळ्यात आपली सुटका व्हायला हवी. पण आपण काय करतो, तर बैठकीच्या खिडकीला कूलर लावतो, खस ओली करतो, पडदे ओढतो, आणि कुत्र्याला त्याच थंडाव्यात झोपवतो. माणसाला बरं वाटतं ते अळीलाही बरं वाटतं. बाहेर वैशाख आणि दिवाणाखाली श्रावण! म्हणून कूलरच्या खोलीतल्या पिसवा उन्हाळाभर तग धरतात आणि पाऊस सुरू झाल्यावर अंगणासकट सगळीकडे फोफावतात. पोळ्याच्या सुमारास खाजवून खाजवून पाठीचे केस गेलेली कुत्री रांगेत असतात ती त्यामुळेच.

तेव्हा औषध दोन ठिकाणी हवं. अंगावर एक आणि घरात एक. अंगासाठी मानेच्या मागे, दोन खांद्यांच्या मध्ये टाकायचे थेंब मिळतात, तोंडाने द्यायच्या गोळ्या मिळतात. काही गोळ्या महिनाभर काम करतात, काही तीन महिने. थेंब टाकताना केसांची भांग पाडून कातडीवर टाका. केसांवर टाकलेलं औषध वाया जातं. आणि आदल्या-नंतरच्या दोन दिवसांत आंघोळ नको. इथे फार जण फसतात, कारण औषध लावायच्या दिवशी "आधी स्वच्छ करू" म्हणून आधी शाम्पू होतो. कुत्र्याला पूर्वी कधी फिट आली असेल तर गोळी घेण्याआधी डॉक्टरांना जरूर सांगा. घरात दोन कुत्री आणि एक मांजर असेल तर तिघांनाही औषध द्यावं लागेल, प्रत्येकाचं वेगळं. कुत्र्यासाठीच्या काही औषधांत परमेथ्रिन नावाचं कीटकनाशक असतं, ते मांजराच्या जिवावर बेतू शकतं. अर्धी ट्यूब वाचली म्हणून मनीला लावू नका.

घरासाठी फार महागडं काही लागत नाही. कुत्र्याचं अंथरूण, गोणपाट, जुनी सतरंजी, जे काही असेल ते दर आठवड्याला कढत पाण्यात धुवा आणि गच्चीवर कडक उन्हात टाका. आपलं ऊन याच कामाचं आहे. झाडू मधल्या मोकळ्या जागेत मारून भागत नाही. पलंगाखाली, सोफ्याच्या फटीत, पायपुसण्याच्या खाली गेला पाहिजे, आणि निघालेला कचरा लगेच घराबाहेर. हे किमान तीन महिने चालवायचं, कारण आज कोषात असलेल्या पिसवा टप्प्याटप्प्याने बाहेर येत राहणार आहेत. औषध दिल्यावर दुसऱ्या आठवड्यात पुन्हा पिसू दिसली तर औषध खोटं निघालं असं समजून दुकान बदलू नका. ती बहुधा कालपरवाच कोषातून निघालेली असते.

गोठ्यात फवारायचं औषध अंदाजाने पाण्यात मिसळून कुत्र्याला आंघोळ घालणं, रॉकेल चोळणं, कापूर तेलात घालून लावणं, हे सगळं मी पाहिलं आहे. कुत्रा स्वतःचं अंग चाटतो, त्यामुळे अंगावर लावलेलं प्रत्येक औषध थोडंफार पोटात जातं. लाळ गळणारी, थरथरणारी कुत्री अशा उपायांनंतर आणली जातात. कडुनिंबाच्या पाल्याचं पाणी त्या मानाने निरुपद्रवी, पण ओसंडून आलेल्या पिसवांपुढे त्याचा भरवसा धरू नये.

जाता जाता एक सांगतो. कुत्रा पिसू चावून गिळतो आणि तिच्यातून त्याला पट्टकृमी होतो. शेपटीखाली तांदळाच्या दाण्यासारखे पांढरे तुकडे वळवळताना दिसले तर जंताचं औषध द्यावं लागेल, आणि पिसवा गेल्या नाहीत तर जंत पुन्हा होईल. लहान पिल्लावर पिसवा फार झाल्या तर रक्त कमी होऊन हिरड्या पांढऱ्या पडतात. त्याला ताबडतोब न्या.

आता डोळे. पिसवा आणि चिपडं एकत्र दिसली तरी एकातून दुसरं होतंच असं नाही. कधी संबंध असतो. पिसवांच्या लाळेची अॅलर्जी असलेला कुत्रा तोंड गालिच्यावर घासतो, पंजाने डोळा ओरबाडतो, आणि बुबुळाला ओरखडा पडतो. कधी पिसवांचा शाम्पू किंवा फवारा डोळ्यात गेलेला असतो. पण बऱ्याचदा डोळ्याचं कारण डोळ्यातच असतं. सकाळी कोपऱ्यात एखादा वाळका कण असणं काहीच वावगं नाही. पांढऱ्या पॉमेरेनियनच्या किंवा शिह त्झूच्या डोळ्याखाली तांबूस ओघळ दिसतो, तो अश्रूंतल्या रंगद्रव्याचा डाग असतो. तेवढ्याने घाबरू नका.

दुखणं एका डोळ्याला आहे की दोन्ही, हे पहिल्यांदा बघा. एकाच डोळ्यातून अचानक पाणी वाहू लागलं आणि कुत्रा तो मिचकावतो आहे, तर आत काही गेलं असण्याची किंवा जखमेची शक्यता मोठी. शहराच्या कडेला नव्या लेआऊटांमध्ये रिकाम्या प्लॉटवर पावसाळ्यानंतर कुसळी गवत वाळतं. फिरायला नेलेला कुत्रा त्यात नाक खुपसतो, आणि कुसळ तिसऱ्या पापणीच्या, म्हणजे कुत्र्याच्या डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यात असणाऱ्या पातळ पडद्याच्या, मागे जाऊन बसतं. वरून डोळा लाल आणि चिकट, आत टोचणारं कुसळ. थेंब कितीही घाला, ते निघेपर्यंत उतार पडत नाही.

दोन्ही डोळ्यांत दाट, दोऱ्यासारखी चिकट चिपडं असतील आणि डोळ्याची चमक गेली असेल, तर अश्रूच कमी पडत असतील. कॉकर स्पॅनियल, पग, शिह त्झू यांच्यात हे जास्त. दवाखान्यात कागदाची एक अरुंद पट्टी खालच्या पापणीत मिनिटभर धरतात आणि ती किती मिलिमीटर भिजली ते मोजतात. १५ किंवा वर असेल तर ठीक, १० च्या खाली असेल तर डोळा कोरडा. यावर मलम असतं, पण ते बहुधा जन्मभर लावावं लागतं. चिपडं थांबली म्हणून मलम बंद केलं की महिन्याभरात दुखणं परत हजर. पापणी आत वळलेली असेल, लॅब्राडॉर-रॉटवायलरमध्ये असं दिसतं, तर केस बुबुळावर घासत राहतात. त्याला छोटी शस्त्रक्रियाच लागते. आणि लस न झालेल्या पिल्लाला चिपडांबरोबर नाकातून शेंबूड, ताप, खोकला असेल तर डोळ्याच्या थेंबांत वेळ घालवू नका. तो डिस्टेंपर, म्हणजे कुत्र्यांचा जिवावर बेतणारा संसर्गजन्य रोग, असू शकतो.

मला सगळ्यात जास्त धास्ती वाटते ती फ्रीजमधल्या उरलेल्या थेंबांची. आजोबांच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतरची बाटली, तिच्यात अँटिबायोटिकबरोबर स्टिरॉइड असतं. डोळा लाल दिसला, घातले दोन थेंब. लाली उतरते, घर खूश होतं. पण बुबुळावर जखम असेल तर स्टिरॉइडमुळे ती भरत नाही, उलट खोल जाते, आणि डोळा फुटण्यापर्यंत वेळ येऊ शकते. म्हणून डॉक्टर आधी नारिंगी रंगाची पट्टी डोळ्याला टेकवतात. बुबुळ धड असेल तर रंग वाहून जातो, जखम असेल तर तेवढी जागा हिरवीगार चमकते. ती तपासणी झाल्याशिवाय स्टिरॉइडचा थेंब नको. गुलाबपाणी, दूध, मध, काजळ यांतलंही काही नको. पुसायला उकळून गार केलेलं पाणी किंवा मेडिकलमधलं सलाइन पुरतं. प्रत्येक डोळ्याला वेगळं गॉज घ्या, चिपडं वाळली असतील तर आधी भिजू द्या, ओढून काढू नका.

बुबुळ निळसर-पांढरं दिसलं, डोळा उघडतच नसेल किंवा बाहेर आल्यासारखा वाटला, तर सोमवारची वाट पाहू नका. सेमिनरी हिल्सला पशुवैद्यकीय महाविद्यालयाचा दवाखाना आहे, जवळचे खासगी डॉक्टर आहेत, जिथे लवकर पोचाल तिथे जा. वाटेत पंजाने डोळा खाजवू देऊ नका. नरसाळ्यासारखी प्लास्टिकची कॉलर असेल तर घाला.

आणि त्या दिवशी सकाळी डोळा पुसून, स्वच्छ करून आणू नका. चिपडांचा रंग आणि चिकटपणा डॉक्टरांना बघायचा असतो. पुसल्याशिवाय राहवलंच नाही तर आधी मोबाइलवर फोटो काढा. घरात आजवर जे जे थेंब, मलम, गोळ्या वापरल्या त्यांची रिकामी पाकिटंसुद्धा पिशवीत टाका. "ती पिवळ्या झाकणाची बाटली" एवढ्यावर आम्हाला औषध ओळखता येत नाही.

नमस्कार.