धूर दिसतो, वायू दिसत नाही

श्रोतेहो, नमस्कार.

रंगमंचावर पांढरा धूर जमिनीलगत सरपटत येतो आणि नटांचे पाय त्यात बुडून जातात, हे दृश्य तुम्ही पाहिलं असेल. तो धूर बहुतेकदा ड्राय आइसचा, म्हणजे कोरड्या बर्फाचा. पण त्या पांढऱ्या रंगात ड्राय आइस नसतोच. ते असतं पाणी. वाफ गारठून झालेले बारीक थेंब, धुकंच म्हणा. ड्राय आइसपासून होणारा वायू डोळ्यांना दिसतच नाही, आणि मला आज बोलायचंय ते त्याच्याबद्दल.

ड्राय आइस म्हणजे गोठलेला कार्बन डायऑक्साइड. उच्छ्वासातून आपण सोडतो, तोच. त्याचं तापमान उणे ७८.५ अंश सेल्सिअस. साधा बर्फ वितळून पाणी होतो. हा थेट वायू होतो. याला संप्लवन म्हणतात. कार्बन डायऑक्साइडला द्रवरूपात राहायला वातावरणाच्या पाचपटीहून जास्त दाब लागतो. तेवढा दाब आपल्याभोवती नाही, म्हणून मधली पायरीच गळते. १८३५ साली तिलोरिए या फ्रेंच संशोधकाने द्रव कार्बन डायऑक्साइडच्या नळकांड्याचं झाकण उघडलं. बराचसा द्रव झपाट्याने वायू झाला, जाताना उरलेल्याची उष्णता घेऊन गेला, आणि मागे राहिला तो गोठलेला कार्बन डायऑक्साइड. आजही रीत तीच. द्रव मोकळा सोडला की हिमासारखा भुगा होतो आणि तो दाबून लाद्या पाडतात.

धातूचा चमचा या लादीवर टेकवला तर तो अक्षरशः किंचाळतो! चमच्याच्या उष्णतेने खालून वायू उसळतो, चमचा उचलला जातो, पुन्हा टेकतो. ही थरथर इतकी जलद असते की तिचा आवाज होतो.

आता जरा काळजीचं. एक किलो ड्राय आइसपासून पाचशे लिटरहून जास्त वायू होतो. म्हणून तो बाटलीत किंवा घट्ट झाकणाच्या डब्यात कधीही, अगदी कधीही बंद करू नका, भांडं फुटतं. उघड्या हाताने उचलू नका, कातडी भाजल्यासारखी होते. जाड हातमोजे किंवा चिमटा हवाच. तिसरा धोका मला सगळ्यात मोठा वाटतो, कारण तो दिसत नाही. हा वायू हवेच्या दीडपट जड, त्यामुळे खाली साचतो. तळघरात, बंद मोटारीत तो श्वास कोंडतो. डोकं दुखू लागलं, धाप लागली, तर आधी मोकळ्या हवेत या.

हा वायू दिसत नसला, तरी तो आहे हे पाहता मात्र येतं. खिडक्या उघड्या ठेवा, उघड्या पसरट भांड्यात ड्राय आइसचे चार तुकडे टाका आणि थोडं थांबा. मग वरून साबणाचा फुगा अलगद सोडा. तो तळाला जात नाही. भांड्यात मधेच अधांतरी तरंगत राहतो, आणि नीट पाहिलंत तर हळूहळू मोठा होत जातो, कारण तो न दिसणारा वायू साबणाच्या पापुद्र्यातून आत शिरत असतो.