झेंडा कुणाचाही, पोर आपलं

नमस्कार श्रोतेहो.

परदेशात आपला माणूस अडचणीत आला, तर तिथल्या आपल्या वकिलातीनं त्याच्यासाठी किती करायचं, हा आजचा विषय. माझं उत्तर आधीच सांगून टाकतो, म्हणजे मध्येच कुकरची शिट्टी झाली नि कुणाला उठावं लागलं तरी हुकायला नको. भेट, भाकरी आणि परतीचा कागद. पुन्हा सांगतो: भेट, भाकरी आणि परतीचा कागद, म्हणजे घरी परतायला लागणारं प्रवासाचं कागदपत्र. एवढं प्रत्येक भारतीयाला मिळालंच पाहिजे, चूक त्याची होती की नव्हती हे न विचारता. त्यापुढचं, म्हणजे दंड भरा, कर्ज फेडा, पगार वसूल करून द्या, तुरुंगातून सोडवून आणा, यातलं काही जमेल, काही जमणार नाही, आणि काही वकिलातीनं करूही नये.

हे मला शिकवलं आमच्या वाडीतल्या आक्कांनी. ही हकिगत मी लग्नात, बारशाला, एसटीत, जिथं चार माणसं बसलेली दिसतील तिथं सांगत आलोय. ज्यांनी ऐकली असेल त्यांनी पुन्हा ऐका.

दाभोळच्या खाडीकडचा आमचा भाग. इथली मुलं एकतर आखातात, नाहीतर बोटीवर. बोटीवर म्हणजे मर्चंट नेव्हीत. आक्कांचा धाकटा ऑइलर, इंजिनरूममधला. बेलापूरच्या कुणा एजंटनं त्याच्याकडून दोन लाख घेतले आणि आखातातल्या एका छोट्या टँकरवर चढवलं. सुरुवातीला पगार आला. मग अर्धा आला. मग थांबला. मालकानं फोन उचलणं बंद केलं, आणि जहाज एका बंदराबाहेर नांगरावर उभं राहिलं. किनाऱ्यावरचे दिवे दिसतात, पण उतरता येत नाही.

मालकानं वाऱ्यावर सोडलेल्या जहाजावर काय होतं ते ऐका. आधी डिझेल संपत येतं. मग जनरेटर दिवसातून दोन तास, आणि त्या दोन तासांत सगळ्यांचे मोबाईल एकाच एक्स्टेन्शन बोर्डाला लटकलेले. एसी बंद, म्हणून गाद्या उचलून सगळे डेकवर. फ्रीझर बंद, म्हणून आतलं सगळं समुद्रात. गॅलीतली शेगडी विजेची, तीही बंद, म्हणून अर्ध्या कापलेल्या पिंपाची चूल आणि फोडलेल्या फळ्यांचं जळण. तांदळात सोंडे झालेले. गोडं पाणी फक्त पिण्यापुरतं, आंघोळ खाऱ्या पाण्यानं.

पोरगा यातलं घरी काहीच सांगत नव्हता. 'बरं आहे गं', एवढंच. एकदा व्हिडिओ कॉलवर त्याच्या मागे धूर दिसला. आक्का म्हणाल्या, 'बोटीवर चूल कशाला रे?' तिथं त्याला रडू फुटलं आणि सगळं बाहेर आलं.

मग आक्का माझ्याकडे, कारण माझ्याकडे कॉम्प्युटर आहे आणि रिटायर झाल्यापासून वेळही. परराष्ट्र मंत्रालयाचं 'मदद' नावाचं पोर्टल आहे, 2015 पासून. तिथं तक्रार नोंदवली की ती त्या त्या देशातल्या वकिलातीपर्यंत जाते. फॉर्म उघडला. पासपोर्ट नंबर? माहीत नाही. जहाजाचं नाव? 'सी'वरून काहीतरी. कंपनी? एजंटचा मोबाईल नंबर, आणि तो स्विच ऑफ.

आता इथं मला एक बोलू द्या. आपल्याकडे सातबारा, रेशनकार्ड, गॅसचं पुस्तक, अगदी जुनी लग्नपत्रिकासुद्धा प्लास्टिकच्या पिशवीत घालून देव्हाऱ्यामागे जपलेली असते. परदेशी गेलेल्या मुलाच्या पासपोर्टची झेरॉक्स मात्र घरात नसते. आणि ते लॅमिनेशन! जन्माचा दाखला लॅमिनेट करून आणतात, मग त्यावर ऑफिसनं शिक्का कुठं मारायचा? मी तलाठ्यापासून तहसीलदारापर्यंत सगळ्यांचं यावर बोलणं ऐकलंय. असो. पासपोर्ट नंबर शेवटी थोरल्या भावाच्या मोबाईलमध्ये सापडला, व्हिसाच्या वेळी काढलेल्या फोटोत, शेवटचे दोन आकडे अंगठ्याखाली.

तक्रार गेली, उत्तरही आलं. प्रकरण संबंधित अधिकाऱ्यांकडे मांडलं आहे, असं. आक्का म्हणाल्या, 'मांडलं म्हणजे काय केलं?' मी गप्प. त्यांनी वकिलातीचा नंबर माझ्याकडून वहीत उतरवून घेतला, आणि तिकडची कचेरी उघडायच्या वेळेला रोज फोन सुरू केला. आक्कांची हिंदी मुंबईला बहिणीकडे राहून उचललेली. तिकडे कामगारांचं बघणारा तरुण अधिकारी बहुधा केरळचा, त्याची हिंदीही बेताचीच. पहिल्याच फोनला आक्का म्हणाल्या, 'साब, मेरा पोरगा पानी में अडक्या है.' त्या बिचाऱ्याला वाटलं, बुडाला. त्यानं घाईघाईनं वरच्या साहेबालाच बोलावलं.

पुढं पुढं फोनची सुरुवात 'साब, नाश्ता हुवा क्या?' अशी व्हायची. तो उत्तर देईपर्यंत आक्का विषयाला हात घालत नसत. एक दिवस त्यानं त्यांना नीट समजावलं. म्हणाला, अम्मा, जहाज भारताचं नाही. झेंडा एका देशाचा, मालक दुसऱ्या देशात, पाणी तिसऱ्या देशाचं. आम्ही कॅप्टनला हुकूम देऊ शकत नाही, आणि बंदराच्या परवानगीशिवाय वर चढूही शकत नाही. मी शेजारी बसून मराठीत सांगत होतो. आक्का थोडा वेळ काही बोलल्या नाहीत, आणि मग हिंदी सोडून सरळ मराठीत म्हणाल्या, 'झेंडा कुणाचाही असू दे. पोर आपलं ना? त्याला आणू नका, पण बघून तरी या. तो धड आहे, खातोय-पितोय, एवढं तुमच्या डोळ्यांनी बघा आणि मला सांगा.'

आणू नका, बघून या. श्रोतेहो, परराष्ट्र खात्याकडे इतकी नेमकी मागणी कुठल्या खासदारानंही केलेली मी ऐकली नाही.

आणि तो गेला! बंदराची परवानगी मिळेपर्यंत बरेच दिवस गेले, पण गेला. बरोबर खलाशांसाठी काम करणाऱ्या तिथल्या एका संस्थेचा माणूस, लाँचमध्ये तांदूळ, डाळ, कांदे-बटाटे, पाण्याच्या बाटल्या आणि रिचार्ज कार्डं. वर चढायचं ते दोरीच्या शिडीनं. लाँच वरखाली होतेय, साहेबांना पोहता येत नाही, बूट ऑफिसचे. शेवटी पोरांनी वरून दोन्ही दंड धरून त्याला ओढून घेतलं. 'आम्हाला वाचवायला आलेल्याला आधी आम्हीच वाचवला', असं धाकटा अजून सांगतो आणि स्वतःच हसतो. वर पोचल्यावर त्यानं एकेकाचं नाव, पासपोर्ट नंबर, किती महिन्यांचा पगार थकलाय, सगळं लिहून घेतलं, खाली प्रत्येकाची सही घेतली. मग आक्कांना व्हिडिओ कॉल लावून दिला. आक्का आधी पोराशी बोलल्याच नाहीत. साहेबाला म्हणाल्या, 'साब, आज तुम उधरच जेवके जाव.' आणि तो जेवला. डेकवर, त्या पिंपाच्या चुलीवरचा डाळभात.

त्यानंतर जादू झाली असं समजू नका. बंदराचं म्हणणं, सगळी माणसं उतरली तर जहाज वाऱ्यात सुटेल आणि दुसऱ्यावर आदळेल, तेव्हा कमीत कमी माणसं वर पाहिजेतच. हेही खोटं नाही. पण आता वकिलातीकडे सह्यांचा कागद होता, आणि पाहून आलेला माणूस होता. पत्रांवर पत्रं गेली, बदली पहारेकरी आले, पोरं दोन-दोन करून उतरली. आक्कांचा धाकटा गणपतीला घरी होता. तिकीट वकिलातीनं काढलं. थकलेला पगार कोर्टानं जहाज लिलावात काढलं तेव्हा थोडाफार मिळाला. एजंटचे दोन लाख गेले ते गेलेच.

बघा, हकिगतीनंच निम्मा वेळ खाल्ला. आता नियमांचं पटकन.

भेटीचा हक्क 1963 च्या व्हिएन्ना करारात आहे. त्याचं कलम 36 सांगतं की परदेशी माणसाला अटक केली तर 'तुझ्या देशाच्या वकिलातीला कळवायचं का' हे पोलिसांनी त्याला विचारलं पाहिजे, आणि वकिलातीच्या माणसाला त्याला भेटू दिलं पाहिजे. आपल्या कुलभूषण जाधवांच्या खटल्यात पाकिस्ताननं ही भेटच नाकारली होती. भारत हेगला आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेला, आणि 17 जुलै 2019 ला 15 विरुद्ध 1 मतांनी निकाल आला की पाकिस्ताननं करार मोडला. शिक्षेचा फेरविचार करा, तोवर फाशी स्थगित ठेवा, असं न्यायालयानं सांगितलं. पण सुटकेची भारताची मागणी मान्य केली नाही. म्हणजे जगातलं सगळ्यात मोठं न्यायालयसुद्धा भेट हक्क म्हणून देतं, सुटका देत नाही.

भाकरी आणि तिकिटाचे पैसे येतात भारतीय समुदाय कल्याण निधीतून. 2009 पासून तो आहे. परदेशात आपली माणसं पासपोर्टच्या नाहीतर दुसऱ्या कामाला वकिलातीत जातात तेव्हा थोडं जादा शुल्क भरतात, त्यातून तो साठतो. अडकलेल्याची राहण्या-जेवणाची सोय, तातडीचा दवाखाना, विमानाचं तिकीट, काही प्रकरणांत वकील, आणि कुणी वारला तर देह घरी पाठवणं, हे त्यातून होतं. गरज बघून. तेव्हा वकिलातीच्या खिडकीशी कुणी उपकाराची भाषा केली तर त्याला सांगा, हे पैसे आम्हीच भरलेत.

जहाजांसाठी वेगळा करार आहे, 2006 चा. खलाशाचा दोन महिन्यांचा पगार थकला, किंवा त्याला अन्नपाण्याशिवाय ठेवलं, तर मालकानं त्याला सोडून दिलं असं धरतात. 2017 पासून अशा वेळी चार महिन्यांपर्यंतचा पगार आणि घरी पोचवण्याचा खर्च विम्यातून मिळायला हवा. हवा म्हणतोय, कारण असे मालक विमाच चालू ठेवत नाहीत. 2024 मध्ये जगभरात असे वाऱ्यावर सोडलेले जे खलाशी होते, त्यांत सगळ्यात जास्त भारतीय होते.

मग पैसे परत मागावेत का? यावर आमच्या कट्ट्यावर भांडणं होतात. 1990 मध्ये कुवेतवर इराकनं हल्ला केला, तेव्हा जवळजवळ पावणेदोन लाख भारतीय बाहेर काढले. बसनं इराक ओलांडून जॉर्डनला, आणि तिथून एअर इंडियानं मुंबईला. 2020 च्या करोनात वंदे भारत मोहिमेतल्या विमानांचं तिकीट प्रवाशांनी भरलं, 2022 मध्ये युक्रेनमधल्या विद्यार्थ्यांना सरकारनं फुकट आणलं. एकाला एक, दुसऱ्याला दुसरं. अमेरिका आपल्या नागरिकाला घरी आणायला पैसे देते, पण वचनचिठ्ठी लिहून घेते. मला ते पटतं. ज्याची ऐपत आहे त्यानं घरी आल्यावर हप्त्यांनी फेडावं. परदेशच्या टूरला चिवडा-चकल्यांची अख्खी बॅग भरणारे लोक काही शेकड्यांचा विमा काढताना हात आखडतात, आणि तिथं पाय मोडला की सरकारनं काय केलं म्हणतात. त्यांना भेट द्या, परतीचा कागद द्या, आणि बिलही द्या. पगार न मिळालेल्या ऑइलरकडून मात्र एक पैसा मागू नये.

आणि जो खरोखर गुन्हा करून बसलाय त्याचं? कुणीतरी दिलेलं पुडकं न उघडता बॅगेत घातलं आणि आत अमली पदार्थ निघाले, असं होतं. त्याचा दंड वकिलातीनं भरू नये, कोर्टाला सोडवा म्हणून सांगू नये. पण त्याला भेटायला जावं. त्याला दुभाष्या मिळालाय का, मारलंय का, घरी कळलंय का, एवढं बघायचं. भेट, भाकरी, आणि शिक्षा संपली की परतीचा कागद.

सुषमा स्वराज मंत्री असताना 2017 मध्ये म्हणाल्या होत्या, मंगळावर अडकलात तरी तिथली भारतीय वकिलात मदत करेल. त्यांनी अनेकांना खरंच सोडवलं, माझा त्यांना नमस्कार आहे. पण तेव्हापासून लोकांना सवय लागली की ट्विट केलं तरच काम होतं. ज्याचं ट्विट कुणी पाहिलं नाही, त्याचं काय? आमच्या आक्कांना ट्विट माहीत नाही. लाँचमध्ये चढणाऱ्या अधिकाऱ्याच्या टेबलावर लाखो कामगारांचा देश असतो, आणि तसे अधिकारी बोटांवर मोजण्याइतके. मंत्रालयानं माणसं वाढवायची असतील तर तिथं वाढवावीत. स्वागत समारंभाला कमी लोक असले तरी चालतील.

बोटीवर जाणाऱ्या मुलांच्या आईबापांसाठी शेवटचं. खलाशी भरती करणाऱ्या कंपनीला मुंबईच्या नौवहन महासंचालनालयाचं, म्हणजे डीजी शिपिंगचं लायसन्स लागतं. त्याला आरपीएसएल नंबर म्हणतात आणि तो त्यांच्या वेबसाइटवर तपासता येतो. लायसन्स असलेल्या कंपनीला मुलाकडून नोकरीचे पैसे घेता येत नाहीत. पुन्हा सांगतो, घेता येत नाहीत. दोन लाख मागितले की तिथूनच उठायचं. आणि पासपोर्ट, सीडीसी म्हणजे खलाशाचं नोंदपुस्तक, आणि करारपत्र, तिन्हींची झेरॉक्स घरात ठेवायची, लॅमिनेट न करता.

नमस्कार.