गोठ्यातली डिलाइट

(सकाळ. कौलारू गोठा. कडब्याच्या पेंढ्या बाजूला सारल्या जातात. ताडपत्रीची एक कड वर उचलली जाते.)

वाईच्या पुढे, एका जुन्या वाड्यामागचा हा गोठा. गुरं केव्हाच विकली गेली. ताडपत्रीखाली उभी आहे १९६६ सालची फियाट ११०० डिलाइट. नंबराची पाटी 'एमएच' ही अक्षरं येण्याआधीची.

आजी दारातूनच सांगतात, "ह्यांनी गाडी मिळावी म्हणून नंबर लावला तेव्हा आमचा थोरला बालवाडीत होता. गाडी दारात आली तेव्हा तो चौथीत गेला होता."

शेवटची चालली त्याला सतरा वर्षं झाली. नातवाने किंमत सांगितली आहे दीड लाख. ती जास्त आहे की कमी, हे ठरवायला आपल्याकडे दोन दिवस आहेत.

ही गाडी आपल्याच मातीतली. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली आणि पुढे कुर्ल्याच्या कारखान्यातून फियाट बाहेर पडू लागली. १९६४ साली डिलाइट आली. सत्तरच्या दशकात तिचंच नाव, चितोडच्या राणीवरून, पद्मिनी झालं. मुंबईची जुनी काळी-पिवळी टॅक्सी ती हीच. मूळ बांधणी इतकी वर्षं तीच राहिली, म्हणून डिलाइट घेणाऱ्याला आजही बरेचसे पार्ट मिळतात. आणि म्हणूनच तो फसतोही, कारण पद्मिनीचे पार्ट डिलाइटला सहज बसतात.

(हात बॉनेटवरची धूळ पुसतो.)

धूळ पुसायचा मोह होतो. थोडं थांबा. धुळीखालचा रंग मूळचा असेल तर तो जपण्यासारखा आहे, आणि कोरड्या फडक्याने धूळ घासली की त्यावर ओरखडे उठतात. आधी फक्त बघा. दारं बंद असताना दार आणि खांबामधली फट वरपासून खालपर्यंत सारखी आहे का? वर चिमटलेली आणि खाली रुंद असेल, तर एक तर बिजागरी झिजली आहे, नाहीतर गाडीच मधून बसली आहे. दार उघडून हाताने उचलून पाहिलं की दोन्हींतला फरक कळतो. बिजागरी झिजली असेल तर दार हलतं. दार घट्ट असूनही फट वाकडी असेल, तर दुखणं खोल आहे.

खोल अशासाठी, की या फियाटला ट्रकसारखी वेगळी चासी नाही. पत्र्याचं कवच हाच तिचा सांगाडा. पाटे, सस्पेन्शन, इंजिन, सगळा भार पत्र्यावर. तो गंजला तर रंगाने भागत नाही.

माझी पहिली जुनी फियाट मी रंग बघून घेतली होती. आरशासारखी चमकत होती. एक पावसाळा गेला आणि दारांखाली फुगे आले. खरवडलं तर बोटभर जाड लांबी, म्हणजे खड्डे बुजवायची पुट्टी, आणि तिच्या आत वर्तमानपत्राचे बोळे. पत्रा नव्हताच. त्या दिवसापासून मी खिशात चुंबक ठेवतो, मऊ फडक्यात गुंडाळून.

(चुंबक मडगार्डवरून फिरतं. एका जागी घसरून पडतं.)

चुंबक पत्र्याला धरतं, लांबीला धरत नाही. या गाडीच्या मागच्या डाव्या मडगार्डवर ते दोन ठिकाणी सुटलं. कधीतरी ठोकर बसली असणार. तेवढं चालतं. खरी परीक्षा खाली आहे. रबरी मॅट उचला, डिकीतलं स्टेपनी चाक काढा, दाराखालचा आडवा पत्रा बोटांनी दाबून बघा. मालकाची परवानगी घेऊन स्क्रू ड्रायव्हरच्या टोकाने टोचा. मग जॅक लावून एक बाजू उचला आणि त्याच बाजूचं दार उघडून परत लावा. दार अडकलं, तर पत्र्यात जीव उरलेला नाही.

आपल्या डिलाइटचं दार अलगद लागलं. आजोबांनी चार चाकांखाली दगडी चिरे ठेवले होते, गाडी ओल्या जमिनीवर टेकलीच नाही. तरी गोमूत्राच्या नाल्याकडची बाजू कुरतडली आहे. ड्रायव्हरच्या पायाखाली ताटलीएवढं भोक आहे.

पाटी पुण्याची किंवा साताऱ्याची असली तरी गाडी उभी कुठे होती ते विचारा. किनाऱ्यावर चार पावसाळे काढलेली गाडी आणि देशावर कोरड्यात राहिलेली गाडी, यांच्या पत्र्यात फार अंतर असतं.

आता इंजिन. लोक सगळ्यात आधी तिथेच जातात, आणि काळजी सगळ्यात कमी तिथेच करायची असते. १०८९ सीसी, चार सिलिंडर. हात बसलेले मिस्त्री आजही आहेत. मात्र सतरा वर्षं उभ्या गाडीला स्टार्टर मारू नका. प्लग काढा, भोकांतून थोडं ऑइल सोडा, एक रात्र जाऊ द्या. मग टॉप गिअरमध्ये टाकून गाडी हलकेच मागेपुढे ढकला. इंजिन फिरत असेल तर ते हाताला कळतं. ऑइलची कांडी बाहेर काढा. दुधाच्या चहासारखा रंग दिसला, तर ऑइलमध्ये पाणी शिरलं आहे.

आपलं इंजिन फिरलं. ब्रेक मात्र चारही चाकांचे गेलेत.

(कॅमेरा गाडीच्या तोंडाकडे वळतो.)

इथे मन खट्टू झालं. पुढची जाळी पद्मिनीची आहे. डिलाइटची मूळ जाळी आणि क्रोमच्या पट्ट्या मिळणं कठीण, मिळाल्या तर महाग. अशी अदलाबदल दिसली की गाडी कधी टॅक्सी होती का, तेही तपासावं. दाराचं रबर जरा ओढून आतला रंग बघा. छपराजवळ पिवळा दिसतो का? बॉनेटच्या डाव्या बाजूला मीटरची बुजवलेली भोकं आहेत का? इथे आतबाहेर एकच करडा रंग आहे.

मग कागद. चासी नंबरावर कागद ठेवून पेन्सिल घासा आणि उमटलेला ठसा आरसी बुकाशी अक्षर-अक्षर जुळवा. इंजिन नंबरही तपासा. आजोबा हयात नाहीत, तेव्हा गाडी आधी वारसाच्या नावावर व्हायला हवी, मगच तुमच्या. २०२१ च्या नियमांनी ५० वर्षांहून जुन्या, मूळ रूपात राखलेल्या खासगी गाडीला व्हिंटेज म्हणून वेगळी नोंदणी मिळते: 'व्हीए' अक्षरांची मालिका, नव्या नोंदणीला २०,००० रुपये, मुदत १० वर्षं. पण मग ती रोज भाजी आणायला नेता येत नाही. रॅली, प्रदर्शन, पेट्रोल, दुरुस्ती, एवढ्यासाठीच रस्त्यावर. तुम्हाला कशासाठी हवी आहे, हे इसार देण्याआधी ठरवा.

(वहीच्या पानावर आकडे.)

आता हिशेब. समजा, अशीच चालू, नीटनेटकी डिलाइट ४ लाखांना जाते. तुमच्या भागात काय भाव आहे तो प्रत्यक्ष झालेल्या सौद्यांवरून काढा, नुसत्या मागितलेल्या किमतींवरून काढू नका. त्यातून खर्च वजा करत जायचं. पत्रा आणि रंग ५०,०००. इंजिन ६०,०००. जाळी आणि क्रोम ४०,०००. वायरिंग, सीट ५०,०००. ब्रेक, टायर ४०,०००. झाले २,४०,०००. उघडल्यावर नवं काहीतरी निघतंच, त्यासाठी पाचवा हिस्सा वर, ४८,०००. उरले १,१२,०००.

आता याच पानावर पत्र्याचा आकडा बदलून बघा. खालचा पत्रा गेलेला असता आणि ५० हजारांच्या जागी दीड लाख लागले असते, तर एकूण खर्च ४,०८,००० झाला असता. म्हणजे आजींनी गाडी फुकट दिली असती तरी ती महाग पडली असती.

मी आजींना हे पान दाखवलं. प्रत्येक आकडा वाचून सांगितला. एक लाख बारा.

आजी उठून आत गेल्या. नातू शिडी लावून माळ्यावर चढला आणि जुन्या धोतरात गुंडाळलेलं एक लांबट गाठोडं घेऊन उतरला.

"ह्यांनी काढून ठेवली होती. रस्त्यात दगड उडून तुटेल म्हणायचे. बाजारातली साधी बसवून घेतली."

(गाठोडं सोडलं जातं. क्रोमवर उन्हाची तिरीप पडते.)

मूळ जाळी. एकही दांडी वाकलेली नाही. पट्ट्या, मागच्या दिव्यांच्या काचा, डिकीवरचं नाव, सगळं. फक्त पॉलिश.

वहीत क्रोमचे ४०,००० खोडून १०,००० लिहिले. वरचा पाचवा हिस्सा त्या प्रमाणात कमी झाला. उरले १,४८,०००.

दीड लाख ठरले. नाव वारसावर चढलं की बाकी द्यायची, असं लिहून इसार दिला. दुपारी टोचन लावायला ट्रॅक्टर आला, तेव्हा आजींनी एकच सांगितलं, चाकांखालचे चिरे गोठ्यातच राहू द्या.